रंगवलेल्या मुनिया

जप्त केलेले पक्षी आमच्या पुनर्वसन केंद्रात अधूनमधून येतच असतात. मात्र त्या दुपारी वनरक्षकांनी टेबलावर ठेवलेल्या बुटक्या पिंजऱ्यात पोपटी, पिवळे आणि गुलाबी असे इवलेसे पक्षी दांडीवर एकमेकांना खेटून बसले होते आणि विक्रेत्याने ते परदेशी असल्याचे सांगितले होते. मला शंका आली ती चोचीमुळे. आखूड, जाड, शंकूसारखी काळसर चोच ही गवताचे बी सोलून खाणाऱ्या मुनियांची खूण आहे. एक पक्षी मुठीत घेऊन ओल्या कापसाने त्याची छाती हलकेच पुसली, तेव्हा कापूस हिरवा झाला आणि रंगाखालून तपकिरी कडांची पांढरी, खवल्यांसारखी पिसे दिसू लागली. ती ठिपकेवाली मुनिया होती, लोंकुरा प्रजातीतील एक अगदी परिचित जाती. या प्रजातीला हे नाव 1832 मध्ये विल्यम हेन्री साइक्स यांनी दिले. दख्खनच्या पक्ष्यांची सूची करणाऱ्या या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने शेपटीच्या टोकदारपणावरून, भाला आणि शेपूट या अर्थांच्या ग्रीक शब्दांतून ते घडवले.

खरा प्रश्न पुढेच होता. या पक्ष्यांना एकमेकांची पिसे साफ करण्याची सवय असते, त्यामुळे एकाच्या अंगावरचा रंग दुसऱ्याच्याही पोटात जात होता. शिवाय रंगाने चिकटलेली पिसे ऊब धरून ठेवत नाहीत. रंग लगेच काढायला हवा असे वाटून मी एकीला कोमट पाण्याने धुतले. जेमतेम तेरा ग्रॅमचा तो जीव भिजल्यावर झपाट्याने गारठला आणि दिव्याखाली उबेला ठेवूनही संध्याकाळपर्यंत गेला. ती घाई माझी होती, आणि त्याचे दुःख मला आजही आहे.

त्यानंतर आमच्या पशुवैद्यांशी बोलून उरलेल्यांपैकी एकीलाही धुवायचे नाही, पीसगळ होऊन नवी पिसे येईपर्यंत थांबायचे, असे आम्ही ठरवले. मोठा पिंजरा, राळ्याचे दाणे, स्वच्छ पाणी आणि रोज ताज्या कणसांचे गवत एवढीच व्यवस्था केली. काडीला लोंबकळून त्या बी ओरबाडू लागल्या, तेव्हा मला थोडा धीर आला. काही आठवड्यांनी एकीच्या विटलेल्या पोपटी छातीवर तपकिरी कडेचे एक नवे पीस उगवलेले दिसले.