लढाई झाली की आपण एक होतो, ते कसं?

रविवारी सकाळी मी लोकांना घेऊन मुंबईच्या फोर्टात हिंडतो. जुन्या इमारती दाखवायच्या, जमेल तेवढा इतिहास सांगायचा, शेवटी चहा. निवृत्तीनंतर लागलेला नाद, दुसरं काही नाही. हुतात्मा चौकात पोचलो की कुणीतरी हमखास विचारतं, "काका, एरवी आपण भाषेवरून, जातीवरून, पाण्यावरून भांडतो. लढाई झाली की मात्र सगळे एक. असं का?" मागून बसचे हॉर्न चालू असतात, गटातले चार जण फोटोत गुंतलेले असतात. तिथे काय सांगणार? "होतं खरं तसं," म्हणतो आणि पुढे निघतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, प्रश्न नेमका त्या चौकात सुचतो याची मला गंमत वाटते. कारण तिथे गोळ्या झाडल्या त्या परक्या फौजेने नव्हेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी आपल्याच पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ माणसं गेली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, एवढीच मागणी. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. त्या वर्षांत गिरणगावात दिल्लीबद्दल काय बोललं जायचं ते इथे छापण्यासारखं नाही. आमचे वडील गोदीत कारकून. तेही मोर्चात होते. नेहरूंचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढून माळ्यावर टाकला होता, असं आई सांगायची.

आणि १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केल्यावर याच गिरणगावाने राष्ट्रीय संरक्षण निधीला पैसे दिले, बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. वडिलांनी एक दिवसाचा पगार दिला, आईने अंगठी. त्या अंगठीची पावती देवघराच्या खणात कुंकवाच्या डबीखाली कितीतरी वर्षं होती. घडी पडून पडून शाई उडाली, पण टाकली नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यांनी खातं हाती घेतलं ती तारीखही २१ नोव्हेंबर. सात वर्षांपूर्वी याच तारखेला फाउंटनला गोळीबार झाला होता. आंदोलनाच्या काळात नेहरूंची बाजू घेतली म्हणून याच चव्हाणांवर महाराष्ट्र चिडला होता. १९६२ मध्ये तोच महाराष्ट्र त्यांच्या जाण्याने सुखावला.

मग ही किमया चीनच्या हल्ल्याची? मला नाही पटत. मधे १ मे १९६० येऊन गेला होता. राज्य मिळालं होतं, मुंबई मिळाली होती. ज्यांचं म्हणणं उशिरा का होईना ऐकलं गेलं, ती माणसं हाक आल्यावर उठली. हा हिशेब मी उगाच मांडत नाही, त्याला जोड आहे ती ढाक्याची. फाउंटनच्या गोळीबाराच्या पावणेचार वर्षं आधी, २१ फेब्रुवारी १९५२ ला, तेव्हा पाकिस्तानात असलेल्या ढाक्यात बंगाली भाषेसाठी मोर्चा काढणाऱ्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिथेही भाषा, तिथेही त्यांचेच पोलीस. पुढे घटनेत बंगालीला जागा दिली खरी, पण सत्ता, पैसा आणि फौज पश्चिमेकडेच राहिली. १९७० ची निवडणूक अवामी लीगने जिंकली, तरी राज्य काही हाती दिलं नाही. मग १९७१ चं युद्ध आलं तेव्हा धर्माच्या नावाने बांधलेला देश २४ वर्षांत दुभंगला. युद्धाने त्यांना एक केलं नाही. आमच्याकडे केलं. फरक लढाईत नव्हता, आधीच्या दहा-पंधरा वर्षांत होता.

आता या ऐक्याची दुसरी बाजू. ती बघायला फोर्ट सोडून डॉकयार्ड रोडला यावं लागतं. माझगावात नवाब टँकच्या बाजूला चिनी लोकांचं एक छोटं देऊळ आहे, सी यप कून. १९१९ चं. गोदीवर, बोटींवर कामाला आलेल्या चिनी माणसांनी बांधलेलं. या शहराचं आणि चीनचं त्या काळात वाकडं नव्हतं, उलट फार बरं होतं. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, ते सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्याच बंदरातून निघाले. त्यांतले द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, शिकले परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये. चिनी सैनिकांवर उपचार करता करता डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच वारले, वय अवघं ३२. आपल्या पिढीला हा माणूस शाळेत धड्यातून भेटला आणि अभिमानानेच भेटला.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, चिनी वंशाच्या माणसाला कायद्याने संशयित ठरवलं. देशभरातल्या सुमारे ३००० जणांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांतले बहुतेक आसाम आणि उत्तर बंगालकडचे. काही पिढ्यांपूर्वी आलेले, इथेच जन्मलेले, चीन कधी न पाहिलेले. काहींना तर पाच-पाच वर्षं ठेवलं. मुंबईतल्या चिन्यांचं तेवढं झालं नाही, पण पोलिसांकडे नोंदी, शहराबाहेर जायला परवानगी आणि शेजाऱ्यांच्या नजरा. बरेच जण नंतर परदेशी निघून गेले. वडिलांची अक्कलदाढ माझगावातल्या एका चिनी डेंटिस्टने काढली होती. युद्धानंतर तो दवाखाना बंद दिसला. "कुठे गेला तो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्या वेळी विचारायला कोण जाणार?" ज्यांनी पगार दिला, त्यांचंच हे उत्तर. दोन्ही खरं, आणि दोन्ही एकाच माणसाचं.

(चायनीज भेळ मात्र आपण पुढे विनातक्रार आपलीशी केली. तिची नोंद पोलिसांकडे नाही.)

कम्युनिस्टांचंही तेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाल झेंडा सगळ्यांत पुढे होता, कम्युनिस्ट पुढारी डांगे तर संयुक्त महाराष्ट्र समितीचे मोठे नेते. १९६२ मध्ये त्याच झेंड्याला विचारलं गेलं, तुम्ही नक्की कुणाचे? डांग्यांनी भारत सरकारची बाजू घेतली, पक्षातले दुसऱ्या बाजूचे अनेक जण तुरुंगात गेले आणि १९६४ मध्ये पक्षच फुटला.

सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत लावायची प्रथाही त्याच युद्धानंतरची. लोक ते सुरू होताच दाराकडे पळायचे, म्हणून काही वर्षांनी बंद पडली. २००३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती पुन्हा आणली, या वेळी सिनेमाच्या आधी, म्हणजे पळायची सोय नको. मी उभा राहतो. शेजारचा उभा राहिला की नाही हे बघत नाही.

पण लढाईने 'आपले' मोठे होतात असंही घडतं, नाहीतर मी नुसताच कडू म्हातारा ठरेन. १९७१ मध्ये मी शाळेत होतो. ब्लॅकआउटची आम्हा पोरांना मजाच. काचांना खाकी कागद, दिव्याला काळा, आणि खालून वॉर्डनची आरोळी, "दुसरा मजला, दिवा!" की अख्खी चाळ त्या बिऱ्हाडावर ओरडायची. मला जास्त आठवतं ते मात्र एक पोस्टाचं तिकीट. पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, त्यांच्यासाठी सरकारने टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलं. नवीन छापायला वेळ नव्हता, म्हणून कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'निर्वासित साहाय्य' अशा अर्थाचा शिक्का मारला. आटोपशीर सुखी कुटुंबाचं चित्र आणि त्याच्यावर आडवी शाई. मी ती वहीत चिकटवायचो. गावच्या आजीचं पत्र असो की वडिलांचा अर्ज, पाच पैसे जायचे ते न पाहिलेल्या, दुसऱ्या देशाच्या माणसांसाठी, आणि आमच्या चाळीत त्याबद्दल कुरकुर ऐकल्याचं मला आठवत नाही. पाच पैसे तेव्हा काही अगदीच फुकटचे नव्हते.

लढाई आटोपते, तिच्यात केलेल्या याद्या मात्र उरतात. बॅलार्ड इस्टेटमध्ये शत्रू मालमत्तेच्या अभिरक्षकाचं, म्हणजे कस्टोडियनचं, ऑफिस आहे, इमारतीचं नाव कैसर-ए-हिंद, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. योगायोग म्हणा. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलेल्यांच्या इथल्या घरादारांचा ताबा सरकारने घेतला, १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. चीनकडे गेलेल्यांच्याही मालमत्ता त्यात आहेत. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली: वारस भारताचा नागरिक असला, आयुष्यभर इथेच राहिलेला असला, तरी त्याला हक्क नाही. म्हणजे चुलता १९५० च्या सुमारास कराचीला गेला आणि पुतण्या इथेच राहिला, इथेच मतदान करतो, तरी चुलत्याच्या खोलीच्या बाबतीत तो शत्रूचा वारस. मुंबईत अशा इमारतींत भाडेकरू राहतात. मधल्या काळात दोन्ही देशांत क्रिकेट झालं, बस सुरू झाली, बंद पडली.

हे सांगायला लागलो की गटातला एखादा कॉलेजातला पोरगा म्हणतो, "पण काका, सुरक्षेसाठी काहीतरी करावंच लागतं ना?" करावं लागतं. मी त्याला फक्त विचारतो, तुझ्या घरातलं कोण कधी कुठे गेलं होतं, याची तुला पक्की माहिती आहे? बहुतेकांना आजोबांच्या पलीकडचं सांगता येत नाही. मलाही नाही. मग गटातल्या बँकेत काम करणाऱ्या बाई घड्याळ बघतात आणि आम्ही चहाला जातो.