गरम पाण्यात क्षार जास्त विरघळतो, पण कोणता?

गरम पाण्यात क्षार जास्त विरघळतात, हे वाक्य शाळेपासून इतक्यांदा कानावर पडलेले असते की ते पारखून पाहावे असे वाटतच नाही. लवकर विरघळणे वेगळे आणि जास्त विरघळणे वेगळे. पाणी तापवले की पहिली गोष्ट सहसा घडते. दुसरी त्या त्या क्षारावर अवलंबून असते.

साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, 0 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 35.7 ग्रॅम विरघळते आणि 100 अंशांना सुमारे 39 ग्रॅम. पोटॅशियम नायट्रेट मात्र 20 अंशांना 32 ग्रॅमच्या आसपास आणि 60 अंशांना जवळजवळ 110 ग्रॅम विरघळते. हा क्षार पाण्यात टाकून ढवळताना चंचुपात्र हाताला चांगलेच गार लागते, आणि या विषयाची किल्ली त्या गारव्यातच आहे असे मला वाटते. 100 ग्रॅम क्षार तेवढ्याच वजनाच्या पाण्यात 60 अंशांना विरघळवून द्रावण सावकाश 20 अंशांपर्यंत निवू दिले, तर सुमारे 68 ग्रॅम क्षार लांबट, सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने परत मिळतो. त्यात थोडे मीठ मिसळलेले असेल, तर ते द्रावणातच राहते. शुद्धीकरणाची ही जुनी रीत याच फरकावर उभी आहे.

स्फटिकातील आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे करायला ऊर्जा लागते आणि पाण्याच्या रेणूंनी त्यांना वेढले की ऊर्जा बाहेर पडते. मिठाच्या बाबतीत या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या भरतात. पोटॅशियम नायट्रेट मात्र दर मोलमागे (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजण्याचे एकक) सुमारे 35 किलोज्यूल उष्णता शोषून घेते. उष्णता शोषून होणारी क्रिया तापमान वाढवल्यावर पुढे सरकते, हे ल शातेलिए यांचे तत्त्व येथे लागू पडते.

पण येथेच एक फसगत होते. निर्जल, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेले, कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकले की पाणी तापते, तरीही तापमानाबरोबर त्याची विद्राव्यता, म्हणजे ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त विरघळण्याचे प्रमाण, वाढतच जाते. याचे कारण असे की, नेहमीच्या तापमानाला संपृक्त द्रावणाशी, म्हणजे आणखी क्षार विरघळू न शकणाऱ्या द्रावणाशी, समतोलात असतो तो निर्जल क्षार नव्हे, तर स्फटिकजल (स्फटिकात बांधलेले पाणी) धरून असलेला क्षार, आणि तो विरघळताना उष्णता शोषतो. म्हणजे हिशेब मांडायचा तो संपृक्ततेजवळचा आणि तळाशी खरोखर असलेल्या घन पदार्थाचा.

सोडियम सल्फेट हे स्वच्छ दाखवते. पाण्याचे दहा रेणू धरलेल्या त्याच्या स्फटिकांची विद्राव्यता 32.4 अंशांपर्यंत झपाट्याने वाढते आणि तेथे आलेखाला टोक येते. त्यापुढे तळाशी निर्जल क्षार असतो आणि त्याची विद्राव्यता हळूहळू उतरू लागते. म्हणूनच 40 अंशांचे संपृक्त द्रावण आणखी तापवले की, थेंबभर पाणीही उडून जाऊ दिले नाही तरी, तळाशी पांढरी पूड बसू लागते.