सरांनी विचारलेला प्रश्न

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि इमारत, प्रार्थना, बक्षीस समारंभ सगळं बाजूला राहून डोळ्यांपुढे पी.टी.चे सरच आले. बाकीच्यांबद्दल इतर लिहितीलच. मी सरांबद्दलच लिहिणार, आणि तेही एका अमेरिकन कॉलेजच्या टीमच्या निमित्ताने. संपादकांनी कात्री लावू नये.

सरांचं दैवत खाशाबा जाधव, हे आपल्या काळच्या कुणाला सांगायला नको. मैदानात चिखल झाला की पी.टी.चा तास वर्गात, आणि वर्गात हेलसिंकीचं 1952 चं ऑलिंपिक. गोळेश्वरचा पैलवान, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभे केलेले पैसे, ब्राँझ पदक, परत आल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक. दर पावसाळ्यात गाड्या वाढायच्या, पण हूं की चूं करायची कुणाची टाप नव्हती.

1981 साली मी नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेलो. ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचे, 1951 सालचे विद्यार्थी. डबा खाताना मी सवयीने हेलसिंकी काढलं, तर ते म्हणाले, आमचा ऑली मॅटसनही होता की तिथे! चारशे मीटरला ब्राँझ, रिलेला रौप्य. पण तो मूळचा फुटबॉलवाला. पुढे त्यांनी त्या वर्षीच्या टीमची जी हकिकत सांगितली, ती मी त्याच रात्री एअरोग्रामवर सरांना लिहून पाठवली.

आधी खेळ समजावणं आलं. चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. आता टीम. जेसुइट पाद्र्यांचं लहानसं कॉलेज, सामने गावातल्या केझार स्टेडियमवर, कोच जो कुहारिक. त्यांनी कॉर्निंग नावाच्या गावी रणरणत्या उन्हात पोरांना असं काही पिदडलं, की पुढचे सामने त्यांना सोपे वाटले असावेत. 1951 च्या सीझनमध्ये नऊ सामने, नऊ जिंकले. स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकला 47-14 ने लोळवलं. एकटा मॅटसन 1,566 यार्ड पळाला, देशात सर्वांत जास्त.

अशा टीमला नववर्षाच्या मोठ्या बोल सामन्याचं, म्हणजे सीझनअखेर निवडक टीमना बोलावून भरवतात त्या सामन्याचं, आमंत्रण यायचंच. पण ते सामने दक्षिणेत, आणि तिथे तेव्हा वर्णभेद उघड चालायचा. मायामीच्या ऑरेंज बोलकडून निरोप आला असं सांगतात: या, पण मॅटसन आणि बर्ल टोलर या दोघांना घरी ठेवून या. दोघे कृष्णवर्णीय. टीम म्हणाली, मग कुणीच येत नाही. कॉलेज आधीच तोट्यात होतं, बोलचे पैसे आले असते तर निभावलं असतं. ते आले नाहीत, आणि त्या सीझननंतर कॉलेजने ती टीमच बंद केली.

सरांचं उत्तर आलं. कौतुक वगैरे काही नाही, मायना संपताच प्रश्न: ‘त्या दोघांपैकी कुणी म्हणालं का, की तुम्ही जा, आम्ही राहतो?’

आमच्या खो-खोच्या टीममधल्या कुणालाही हा प्रश्न कुठून आला ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. तालुक्याबाहेरचे सामने होते, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उपांत्य फेरीच्या आधी मांडवात पंगत बसली, तर आमच्यातल्या दोघांची पानं गोठ्याच्या कडेला वेगळी मांडलेली. सरांनी आवाज चढवला नाही. शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि म्हणाले, ‘उठा रे.’ वाढलेल्या आमटीवरून आम्ही उठलो. एसटी स्टँडवर सरांनी पदरच्या पैशाने चुरमुरे-शेंगदाणे घेतले आणि टॉवेलवर ओतले. तेव्हा त्या दोघांतला धाकटा म्हणाला, ‘सर, तुम्ही जावा परत, खेळा. आम्ही बसतो हितं.’ सर म्हणाले, ‘खा गपचूप.’ आणि पहिली मूठ त्याच्या हातात दिली. पुढे वरून विचारणाही झाली, सामना का सोडला म्हणून. त्याचं काय उत्तर दिलं, ते सरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

मी सरांचा प्रश्न ऑफिसातल्या गृहस्थांना विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तसंच सरांना कळवलं. सोबत पुढची हकिकतही. त्या टीममधले नऊ जण व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. कॉलेजची प्रसिद्धी बघणारा पीट रोझेल तर सबंध एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, कमिशनर झाला. टोलरचा गुडघा 1952 मध्येच गेला, खेळ संपला. पण 1965 मध्ये तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला, आणि आठवडाभर सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. सर खूश झाले ते यावर! रोझेल-बिझेल राहिले बाजूला. ‘रविवारी पंच, सोमवारी मास्तर. याला म्हणतात माणूस,’ असं पुढच्या पत्रात होतं.

2006 मध्ये त्या विद्यापीठाने हयात खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली. बातमी कळवायला सर नव्हते.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. इमारत झकास, संगणक कक्ष वातानुकूलित. खो-खोचे खांब होते तिथे पार्किंग, आणि पी.टी.चे तास स्कॉलरशिपच्या जादा वर्गांना दिलेले. मुलं हुशार आहेत, निकाल उत्तम लागतो, मान्य. पण सरांच्या कारकिर्दीत पावसाशिवाय कुणी तो तास घेऊन दाखवावा!

मी यथाशक्ती देणगी पाठवली आहे. ती उरलेल्या मैदानावर खोल्या बांधायला वापरू नये, एवढी एकच अट पत्रात घातली आहे. समितीचं उत्तर अजून आलेलं नाही.