आठ जणांचं जेवण आणि वाइनची यादी

ऑफिसातल्या आमच्या ताई निवृत्त होत होत्या. आठ जणांचं जेवण एका इटालियन चेन रेस्टॉरंटमध्ये ठरलं आणि वाइन निवडायचं काम माझ्याकडे आलं. द्राक्षांच्या वाणांची नावं मला माहीत होती, चवीचा अंदाजही होता. पण अख्खी यादी पारखून आठ जणांसाठी बाटल्या ठरवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. ताईंना वाइन मनापासून आवडते. त्यांच्या निरोपाच्या जेवणात मिळमिळीत काहीतरी ग्लासात पडलं असतं, तर मला ते फार लागलं असतं. म्हणून पंधरा दिवस आधीच यादी मिळवली आणि पेन घेऊन बसले.

यादीत एकूण 22 वाइन होत्या. 9 रेड, 8 व्हाइट, 3 फेसाळत्या आणि 2 रोझे, म्हणजे गुलाबी. वरवर पाहिलं तर यादी भरगच्च वाटत होती. मी आधी किमती झाकून ठेवल्या आणि प्रत्येक ओळ आपल्याला नेमकं काय सांगते, एवढंच पाहायचं ठरवलं. वाइन कोणी केली, कुठल्या भागातली, कुठल्या द्राक्षाची, कुठल्या सालची? या चारही प्रश्नांची उत्तरं एकाही ओळीत नव्हती. साल तर कुठेच छापलेलं नव्हतं. 'मऊ, फळांच्या चवीची' हे शब्द मात्र सहा वाइनपुढे होते. सहा वाइनना तेच शब्द लागू पडत असतील तर त्यांतून निवडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

सालाचा आग्रह मी का धरते, ते सांगते. पिनो ग्रिजो, साधी सोआवे, प्रोसेक्को या ताज्या प्यायच्या वाइन आहेत. द्राक्षतोडणीनंतर वर्ष-दोन वर्षांत त्यांची खरी मजा असते, पुढे तो टवटवीतपणा ओसरत जातो. उलट बारोलो या भारदस्त रेडला नियमानेच किमान 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले 18 लाकडी पिंपात. साल कळलं नाही तर ताजी वाइन शिळी झाली आहे का आणि मुरणारी कोवळी आहे का, दोन्ही समजत नाही.

मग एका ओळीवर अडकले. 'तस्कनी' या इटलीतल्या प्रदेशाच्या मथळ्याखाली लिहिलं होतं: मोंतेपुल्चानो द'अब्रुत्सो. हा घोळ जगभर होतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय इटालियन यादी नीट वाचताच येत नाही असं माझं मत आहे. मोंतेपुल्चानो हे एका द्राक्षाचं नाव आहे आणि तस्कनीतल्या एका गावाचंही. मोंतेपुल्चानो द'अब्रुत्सो म्हणजे त्या द्राक्षाची, अब्रुत्सो प्रदेशातली वाइन. गडद रंगाची, भरदार, किमतीला सहसा बेताची. वीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो म्हणजे त्या गावची वाइन, आणि ती मुख्यतः सान्जोवेसे या वेगळ्याच द्राक्षाची असते. पहिली दुसरीच्या घरात बसवली की वाचणारा एक समजून दुसरीच मागवतो. यादी करणाऱ्याने बाटलीचं लेबल समोर धरलं नव्हतं, हे त्या एका ओळीवरून मला कळलं. त्यामुळे बाकीची यादीही तपासूनच घ्यायचं मी ठरवलं.

कियान्ती या तस्कनीतल्या रेडचंही तसंच. यादीत फक्त 'कियान्ती' होतं. कियान्ती आणि कियान्ती क्लासिको या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने 1716 मध्येच कियान्तीच्या सीमा फर्मान काढून ठरवल्या होत्या. पुढे ते नाव आजूबाजूच्या मोठ्या मुलखात पसरलं आणि मूळच्या टेकड्यांतली वाइन क्लासिको म्हणून ओळखली जाऊ लागली. 1996 पासून तिचा दर्जाही स्वतंत्र आहे. क्लासिकोत किमान 80 टक्के सान्जोवेसे लागतं, साध्या कियान्तीत 70 टक्के चालतं. क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो, तेव्हा ओळखायला सोपं. साधी कियान्ती वाईट असते असं अजिबात नाही. पण नुसतं 'कियान्ती' लिहून क्लासिकोची किंमत लावली असेल तर मी थांबून विचारते.

यानंतर आमच्या जेवणाकडे वळले. पिझ्झा, लझान्या, टोमॅटो सॉसमधला पास्ता, म्हणजे टेबलावर टोमॅटोच टोमॅटो. पदार्थ आंबट आणि वाइन त्याहून कमी आंबट असेल तर वाइन सपक लागते, पाणी घातल्यासारखी. भारदस्त नावाची, ओकच्या पिंपातली, गोडसर वळणाची रेड अशा जेवणापुढे टिकत नाही. इटलीच्या पिएमोन्ते प्रदेशातलं बार्बेरा हे द्राक्ष मात्र यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी. यादीच्या मधोमध, कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, बार्बेरा द'आस्ती होती. बारोलो तिच्याच प्रदेशातली, किमतीने तिच्या तिपटीहून जास्त, पण तिच्या नेब्बियोलो द्राक्षाचा तुरटपणा पिझ्झ्याबरोबर तोंड कोरडं पाडतो. बारोलोवर काट मारली. मला बारोलो अतिशय प्रिय आहे, तरी मारली.

फेसाळत्या वाइनमध्ये दोन प्रोसेक्को होत्या, एक 'ब्रूट' आणि एक 'एक्स्ट्रा ड्राय'. इथे नाव फसवतं. एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. सुरुवातीला नुसती प्यायला मी ब्रूट ठरवली. शेवटच्या तिरामिसूबरोबर मात्र ब्रूट आंबट लागली असती, कारण गोड पदार्थाबरोबरची वाइन निदान त्याच्याइतकी गोड असावी लागते. तिथे गोड मोस्कातो द'आस्ती. अल्कोहोल जेमतेम 5 टक्के, हलका फेस, आणि जेवण संपताना कोणालाही जड न होणारी.

कागदावर एवढं झालं. पण यादी कितीही वाचली तरी ग्लास कसा येतो ते तिथे जाऊनच कळतं. म्हणून जेवणाच्या आठवडाभर आधी, गर्दी नसलेल्या वेळी, मी एकटीच गेले आणि कियान्तीचा एक ग्लास मागवला.

ग्लास आला. मी तो पांढऱ्या नॅपकिनवर तिरका धरला. कडेला रंग विटकरी तपकिरी दिसत होता, तरण्या सान्जोवेसेची ती कड लालबुंद असायला हवी. वास घेतला तर चेरीचा मागमूस नाही. कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं, तसा वास. घोट घेतल्यावर आंबटपणा एकटाच पुढे आला, मागे काही उरलंच नाही. बुचाचा दोष असता तर ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला असता. हे तसं नव्हतं. ही वाइन उघडून बरेच दिवस झाले होते आणि हवेने ती मारली होती.

मी वेटरला बोलावलं आणि विचारलं, "ही बाटली कधी उघडली होती, सांगता येईल का?" तो तरुण मुलगा होता. जरा गडबडला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, नक्की नाही सांगता येत. बाटलीवर तारीख लिहिलेली नाहीये." हे खरं सांगितलं म्हणून मला तो आवडला. मी म्हटलं, "मग नवी उघडाल का? दोन्ही शेजारी ठेवून बघू." त्याने उघडली. दोन ग्लास समोरासमोर आले तेव्हा मी त्यालाही वास घ्यायला लावला. पहिला हुंगून झाला, दुसरा नाकाशी नेला आणि त्याचे डोळेच मोठे झाले. "ही तीच वाइन आहे?" तीच होती. चेरी, थोडा वाळल्या पाल्याचा वास, जिभेवर ताजी खरखर. यादीत दोघींची एकच ओळ आणि एकच किंमत होती.

एक गोष्ट मात्र नव्या बाटलीतही खटकली. वाइन कोमट होती. मान वळवून पाहिलं तर रेडच्या बाटल्यांचं शेल्फ पिझ्झाच्या भट्टीशेजारी. रेड वाइन साधारण 16 ते 18 अंशांवर चांगली लागते; त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाची चव दबते. मी बर्फ-पाण्याची बादली मागितली, बाटली दहा मिनिटं त्यात ठेवायला सांगितली आणि पुन्हा चाखली. आता ती जागेवर आली होती.

ग्लास घ्यायचा की बाटली, हा प्रश्न तिथेच निकालात निघाला. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात. इथे चार ग्लासांच्या पैशांत बाटली येत होती, शिवाय ती डोळ्यांसमोर उघडली जाणार होती. आठ जणांसाठी ग्लासांचा विचारच सोडून दिला.

निघताना मॅनेजरना भेटले. मोंतेपुल्चानोची चूक दाखवली, उघडलेल्या बाटल्यांवर तारीख लिहायची विनंती केली आणि आमच्या दिवशी बार्बेराच्या तीन बाटल्या आधीच गार जागी ठेवाल का, असं विचारलं. त्यांनी वही काढून सगळं टिपून घेतलं.

जेवण छान झालं, त्याबद्दल फार लिहीत नाही. ताईंनी लझान्याचा घास खाऊन बार्बेराचा घोट घेतला, पुन्हा एक घास, पुन्हा घोट, आणि मला म्हणाल्या, "अगं, ही आधी कधी का नाही मागवली आपण?" तिसरी बाटलीही संपली. मोस्कातोचा एक ग्लास, एरवी वाइनला हात न लावणाऱ्या आमच्या हिशेबनीस काकांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

दोन महिन्यांनी पुन्हा त्याच जागी गेले तेव्हा नवी यादी होती. मोंतेपुल्चानो अब्रुत्सोत पोचली होती. सालं अजून छापलेली नव्हती, म्हणून मी बार्बेराचं साल विचारलं. तोच मुलगा होता. तो आत गेला, बाटली घेऊन आला आणि न सांगता लेबल माझ्याकडे वळवून धरलं. बाटलीला हात लावून पाहिला, गार होती.