लेहमधल्या जागरणाच्या रात्री

लडाख मॅरेथॉनच्या सतरा दिवस आधी मी लेहला पोचले. साताऱ्यात आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट पळते, त्यामुळे चढाची धास्ती नव्हती. पण 3,500 मीटरवर मला छळलं ते रात्रींनी.

पहिल्याच रात्री डोळा लागतो न लागतो तोच धाप लागून दचकून उठले. पाणी प्यायले, आडवी झाले, परत तेच. सकाळी खोलीतली मैत्रीण म्हणाली, "अगं, तू मध्येच श्वास घ्यायची थांबत होतीस. मी मोजलं, बारा सेकंद! मग एकदम चार-पाच मोठे श्वास." बिचारी मला उठवू की नको, या काळजीत रात्रभर जागीच होती.

माझ्या प्रशिक्षक सरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं: ऑक्सिजन तिथल्या हवेतही 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी, म्हणून दर श्वासाला मिळतो तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. मग शरीर भराभर श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर टाकतं. झोपेत श्वास चालू ठेवायचा इशारा मेंदूला त्याच वायूमुळे मिळतो. तो घटला की श्वास थांबतो, ऑक्सिजन उतरतो आणि आपण धडपडून जागे होतो.

शेजारच्या खोलीतल्या एका काकांनी मायेनं डायमॉक्सची गोळी देऊ केली. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून डोंगरात फिरणारे बरेच जण ती घेतात. पण त्यातलं अॅसिटाझोलामाइड लघवी वाढवणारं औषध म्हणून 'वाडा'च्या (खेळांतल्या उत्तेजकांना आळा घालणाऱ्या जागतिक संस्थेच्या) बंदी यादीत आहे. स्पर्धेत उतरणाऱ्यानं हे माहीत करून घ्यायलाच हवं. मी गोळी परत केली. डोकं ठणकत असतं, उलट्या होत असत्या, तर थेट डॉक्टर गाठले असते.

चूक मात्र माझ्या हातून झालीच. तिसऱ्या दिवशी, ठरलं होतं म्हणून, आठ किलोमीटर जोरात पळाले. त्या रात्री तासभरही सलग झोप नाही. सकाळी नाडी 68 (घरी 50 असते), बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 83 टक्के. सरांचा आवाज चढला, "झोप झाली नाही तर पळून काय उपयोग? शरीर भरून निघतं ते रात्रीच!"

पुढचे चार दिवस फक्त बाजारापर्यंत चालणं. दुपारनंतर चहा बंद, उशाला दोन उश्या. घरमालकीण आमाले सहा वाजताच गरम थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, वाढायच्या आणि पोट जड होऊ नये म्हणून दुसरा वाडगा देतच नसत. रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागे. त्याचा वैताग यायचा, पण मूत्रपिंडं बायकार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार बाहेर टाकून रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल सावरत होती, आणि तसतसा श्वासही सुरळीत होत गेला.

मैत्रीण रोज सकाळी वहीत आकडे लिहायची. नवव्या दिवशी तिनं लिहिलं: नाडी 54, ऑक्सिजन 90, जाग एकदाच. पानाचा फोटो सरांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "आज चार किलोमीटर. हळू."