पोटाने घेतलेली रजा

सकाळी सहापासून आत-बाहेर चालू आहे. सातव्या फेरीनंतर मोजणं सोडलं.

ऑफिसात फोन केला. साहेबांना 'जुलाब' म्हणायची जीभ होईना, म्हणून म्हटलं, "सर, पोट जरा नाजूक आहे." सर म्हणाले, "म्हणजे ढाळ लागलेत ना? मग सरळ सांग की!" स्पीकरवर होते, मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पाच मिनिटांत मित्राचा मेसेज : "धावा किती झाल्या?" दुसऱ्याचा : "महाराज अजून सिंहासनावरच का?" आईकडे मात्र एकच निदान, "पोट बिघडलंय." तिच्या लेखी मुरडा, मळमळ, ओकारी सगळं त्यातच येतं.

पडल्या पडल्या आठवलं, 'जुलाब' हा फारसी 'गुलाब'चाच अरबी अवतार. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाबपाण्याचं हे काय होऊन बसलं! (इथे सुगंधाचा विषय नको.)

सध्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पितोय. पोटात पुन्हा गुडगुडलं. बाकीचं आल्यावर लिहि