ट्वीडी, मायग्रेन आणि गोळ्या
शिकागोच्या विल्को बँडचा जेफ ट्वीडी मला आवडतो त्याचं एक कारण म्हणजे हा माणूस स्वतःच्या आजारपणावरून उगाच हिरोगिरी करत नाही. लहानपणापासून भयंकर मायग्रेन, त्यात डिप्रेशन, पॅनिक अटॅक. दारू विशीतच सोडलेली, पण डोकेदुखीसाठी घेतलेल्या पेनकिलर अंगाशी आल्या.

मग पठ्ठ्याने ठरवलं बास, सगळंच बंद, आणि पेनकिलरसोबत डिप्रेशनच्या गोळ्याही सोडून दिल्या. झालं, काही आठवड्यांत पॅनिक अटॅकनी असा धरला की २००४ मध्ये थेट भरती व्हावं लागलं, तेही व्यसन आणि मानसिक आजार दोन्हींवर एकत्र उपचार करतात अशा ठिकाणी. अल्बम तयार होता, तो पुढे ढकलला, शो रद्द केले. त्याच अल्बमला नंतर ग्रॅमी मिळालं. त्यात एक पंधरा मिनिटांचा ट्रॅक आहे, त्यातला बहुतेक वेळ नुसती घरघर, मायग्रेन कसं वाटतं ते ऐकवायला. हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐकला, परत नाही बाबा.

आपल्याकडेही "कशाला त्या गोळ्या, सवय लागेल" म्हणणारे काका-मावश्या घरोघरी असतात, पण अँटीडिप्रेसंट एकदम बंद केल्या की चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं, काहीही होऊ शकतं, म्हणून तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

ट्वीडी मात्र अजून जोरात आहे, २०२५ ला तर तीन डिस्कचा अल्बम काढला, माझी दुसरीच चालू आहे.